संदीपची फुलं

लोकांचं प्रेम मोजता येतं असं कुणी म्हटलं, की माझं डोकंच फिरतं. का ते ऐका.

माझा मेहुणा प्रसाद मुंबईत शेअरचं काम करतो. परवा आला आणि मोबाईलवर दोन कंपन्या दाखवायला लागला. एक आंब्याचा रस विकणारी, दुसरी आपल्या इथली मासळीची.

"भावोजी, मासळीची घ्या. भाव पडलाय, पण लोकांचं प्रेम बघा! मंगळवारी एकदम वर गेलंय."

"प्रेम कसं कळतं रे?"

"कंपनीच्या पोस्टखाली लोक काय टाकतात त्यावरून. फुलं, जोडलेले हात दिसले की चांगलं. शिव्या दिसल्या की वाईट. मशीनच मोजतं."

चहा गाळता गाळता आमची ही थांबली. "मंगळवारची फुलं? वाच बघू."

प्रसादने वाचलं, "भावपूर्ण श्रद्धांजली, संदीपदादा." खाली तेच. त्याच्याही खाली तेच.

संदीप आमच्या वाडीतला. सोमवारी त्याच मासळी कंपनीच्या कारखान्यात गॅस गळला, त्यात गेला. प्रसादला कुठून माहीत असणार? त्याने मोबाईल पालथा ठेवला.

ही म्हणाली, "त्यात एक फूल माझं आहे, प्रसाद. मी ते संदीपला वाहिलं होतं. कंपनीला नव्हे."