तळ्याच्या तळाशी

...सात मिनिटं! तुम्हाला सांगतो, सात मिनिटं! जिथं प्रभू जन्माला आले त्या गुहेसाठी सात मिनिटं, आणि जेवणानंतर चहासाठी पाऊण तास! हा कुठला हिशेब? अहो, मी सव्वीस वर्षं आमच्या चर्चच्या मंडळीत मोठ्यांचा शास्त्राभ्यास वर्ग घेतो, गुहेचं वर्णन करून करून माझा घसा बसला, आणि प्रत्यक्ष गुहेच्या दारात, माझ्यापुढे फक्त दोन माणसं उरली असताना, मागून तो मार्गदर्शक पिवळी छत्री नाचवत ओरडतो, "चला, चला, चला! पुढचं ठिकाण!" घ्या! माझा नंबर लागतो आणि बस सुटते!

जायचं कुणाला होतं मुळात? मी आपला छापखान्यात मुद्रितं तपासणारा माणूस. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, निवृत्त झालो, आता गुडघा घेऊन बसलोय. पण आमचे पाळकसाहेब! "मास्तर," मला सगळे मास्तरच म्हणतात, "मास्तर, पवित्र भूमी पाहिली की वचन जिवंत होतं बघा! आजवर काळ्या शाईत वाचलं, तिथं रंगीत दिसतं!" म्हटलं, साहेब, माझा गुडघा... "गुडघ्याचं काय एवढं? सगळे मिळून नेऊ तुम्हाला!" सगळे मिळून! हे शब्द लक्षात ठेवा, हं.

सरोवर बघायला गेलो. सगळे होडीत, वारा सुटलेला, कुणी गातंय, कुणी रडतंय, आणि मी? मी काठावर त्या फुगवायच्या जाकिटाचे बंद सोडवत बसलोय. गाठच सुटेना! होडी गेली, फिरून परत आली, सगळ्यांचे चेहरे असे उजळलेले, पाळकसाहेब डोळे पुसत म्हणतात, "मास्तर, काय अनुभव होता हो!" मी म्हटलं, असेल की! नदीवर गेलो तर ओल्या पायऱ्या, गुडघा म्हणाला मी येत नाही. रांगेत सगळ्यांना पुढे सोडत सोडत शेवटी पाण्यापाशी पोचलो, वाकलो, बोटं बुडवणार इतक्यात... पिवळी छत्री! माझा नंबर लागतो आणि बस सुटते!

पाचव्या दिवशी मी ठरवलं. आता बस्स. आज ते तळं होतं. अडतीस वर्षं आजारी पडलेला तो माणूस ज्याच्या काठी होता, ते. पाणी हललं की जो पहिला उतरेल तो बरा होणार, आणि याच्याआधी दरवेळी दुसराच उतरणार, ते तळं. आता हे माझं खास तळं हो! या गोष्टीवर मी जो धडा घेतो, तो ऐकायला शेजारच्या मंडळीतून माणसं येत. मी काय म्हणायचो? "अडतीस वर्षं! अरे माणसा, रोज बोटभर जरी सरकला असतास तरी पाण्यात पोचला असतास! प्रभूंनी काय विचारलं? तुला बरं व्हायचंय का? आणि हा काय सांगतो? मला कोणी उतरवत नाही! बहाणा! निव्वळ बहाणा!" वर्ग हसायचा. काय हसायचा म्हणता...

एकदा मात्र एक जण हसली नाही. माझी भावजय. मागच्या बाकावर बसली होती, पुस्तक मिटलं आणि उठून गेली.

आता तुम्ही विचाराल, का? सांगतो. माझा धाकटा भाऊ रंगारी. शिडीवरून पडला, कमरेखाली जोर गेला. डॉक्टर म्हणाले, दर मंगळवारी व्यायामाच्या केंद्रात आणा, पाय हळूहळू येतील. पण राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, भावजय हार मानणारी नाही पण अंगाने काडी, आणि तिची धोबीखान्यातली नोकरी सकाळची. दोनदा गेला, मग बंद. मी फोनवर झापलं, "का जात नाहीस?" तो म्हणाला, "दादा, उतरवायला कोणी नाही." आणि मी, तुमचा मास्तर, मी म्हणालो, "तुला बरं व्हायचंच नाहीये!" एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण पुढच्याच रविवारी तळ्याचा धडा घेतला, आणि म्हणालो, "असली माणसं आपल्या घरातही असतात." भावजयीसमोर! चार वर्षं झाली. माझ्यापासून दोन गल्ल्यांवर राहतो. चार वर्षं त्यानं माझा फोन घेतला नाही.

तर ते तळं. तळं कसलं, मोठा खड्डा! पडक्या भिंती, कमानी, आणि खाली, पार खाली, जिने उतरून गेलं की हिरवट पाण्याचं डबकं. सगळे शेजारच्या देवळात गाणी म्हणायला गेले, तिथं आवाज घुमतो म्हणे. मी म्हटलं, हीच वेळ! आज सगळ्यांच्या आधी मी! कठडा धरला, एक पायरी, दोन पायऱ्या, घामाघूम झालो, पण उतरलो! तळाशी पोचलो! पाणी चार हातांवर! आणि कट्! गुडघा अडकला. जो बसलो खाली, तो बसलोच.

हाका मारल्या. कोण ऐकतंय? देवळात स्तोत्रं दणाणतायत. मग सगळे बाहेर आले, वर कठड्यापाशी उभे राहिले, आणि पाळकसाहेबांनी पुस्तक उघडून मोठ्यांदा वाचायला घेतलं. काय वाचलं असेल? तेच! आणि मी ते खालून ऐकतोय, अहो! सव्वीस वर्षं मी ते वरून वाचलं होतं. खालून कधी ऐकलंच नव्हतं. महाराज, मला पाण्यात सोडायला कोणी नाही... माझ्या तोंडचं पाणी पळालं. मी म्हटलं, अरे, हा बहाणा कुठे सांगतोय? हा तर नुसतं काय झालंय ते सांगतोय! विचारलं म्हणून सांगतोय! आणि प्रभूंनी त्याला झापलं का? नाही! एका शब्दानं नाही! झापणारा मीच, मधेच घुसलेला! तपासणीला आलेलं प्रत्येक पान मी तीनदा वाचायचो, आणि हे एवढं सरळ वाक्य सव्वीस वर्षं चुकीचं वाचलं! बोटभर सरकून बघितलं हो मी त्या पाण्याकडे. बोटभर! डोळ्यांपुढे काजवे चमकले. पाळकसाहेब खरं बोलले होते, वचन जिवंत झालं. झालं आणि माझ्या छातीवरच येऊन बसलं.

आणि वर काय? वर पिवळी छत्री! "चला, चला, चला!" सगळे मिळून नेणार होते ना? सगळे मिळून गेले!

शेवटी आला कोण? बसचा ड्रायव्हर. डोकी मोजली, एक कमी निघालं. हा एवढा आडवा माणूस, त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला येत नाही. आला, बघितलं, काहीतरी पुटपुटला, मला पाठीवर घेतलं आणि सगळे जिने चढला. काय म्हणाला देव जाणे. शिवीच असावी. पण मी आमेन म्हणालो.

बसमध्ये बसल्या बसल्या फोन लावला. भावजयीनं उचलला. "कोण?" म्हटलं, मी. म्हटलं, त्याला दे. बराच वेळ खुडबुड, मग त्याचा आवाज. "बोल." आता माफीचं केवढं भाषण जुळवलं होतं मी! एक शब्द आठवेल तर शपथ. तोंडातून काय निघालं? "मंगळवारी किती वाजता जायचं असतं रे?"

तो म्हणाला, "नऊला."

"मी येतो उतरवायला."

"तुझा गुडघा?"

"ठणठणीत आहे!" पवित्र भूमीवर बसून धडधडीत खोटं बोललो.

परवाच्या मंगळवारी गेलो. चार वर्षांनी त्याला पाहिलं. केस पिकलेत हो त्याचे, माझ्याहून जास्त. त्याचा हात माझ्या खांद्यावर, माझा हात कठड्यावर, भावजय मागून धरून. एक पायरी, दोन पायऱ्या... चौदा पायऱ्या उतरलो! अर्ध्या जिन्याचा सपाट कट्टा आला, आणि कट्! दोघंही खाली बसलो. भावजयीनं कपाळावर हात मारला, घड्याळ बघितलं, "कुणालातरी पाठवते," म्हणाली आणि कामावर पळाली. आम्ही दोघं तिथंच. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. मी म्हटलं, "चुकलं रे माझं." तो म्हणाला, "आता काय, बस." बसलोच तर होतो!

अकराला तळमजल्यावरचा सुतार आला. दणकट गडी. म्हणाला, "दोघांना एकदम नाही जमायचं, एकेकाला घेतो." आणि मी नको नको म्हणतोय तोवर, काकांचं वय जास्त म्हणून, आधी मला उचललं, थेट रस्त्यावर नेऊन ठेवलं! मग वर गेला, आणि केंद्र तर आता बंद झालं असेल म्हणून भावाला उचलून परत घरात खिडकीपाशी नेऊन ठेवलं, आणि गेला आपल्या कामाला!

मी रस्त्यावर, तो तिसऱ्या मजल्यावर. खिडकी उघडली. चार वर्षांत पहिल्यांदा हसताना ऐकलं मी त्याला. वरून ओरडला, "दादा! परत तूच उतरलास ना माझ्याआधी!"

वर जाऊन त्याचे पाय धरावेत म्हटलं... पण मला चढवायला कोणी नाही.