दोन बोटं माती

...नाही गं बाई, खोल नाही! दोन बोटं. ही बघ, माझी दोन बोटं – डोळ्यांवर एवढीच माती. हे लाल कोंब दिसतात ना मुळाला, तेच डोळे. बोझूर म्हणजे काय बटाटा वाटला तुला? त्याला थंडी लागायला हवी, वर बर्फ पडायला हवा, तेव्हा कुठे मे महिन्यात ताटलीएवढं फूल देतो. कळीवर मुंग्या आल्या तर फवारत बसू नकोस – येऊ दे बिचाऱ्या, गोड चाटतात नि जातात. दहा दिवस मिरवायचं, मग उन्हाळाभर नुसती पानं, थंडीआधी तीही वाळतात. मेलं म्हणून रडायचं नाही, खाली जिवंतच असतं. हा माझ्या सासूनं लावलेला – सासू गेली, नवरा गेला, हा मेला दरवर्षी हजर!

खोल लावला तर? मरत नाही, तेच तर! नुसती पानं, वर्षानुवर्षं. माझी सून रालित्सा – तीन वर्षं झाली, एक कळी नाही तिच्याकडे... अगं, मीच सांगितलं ना तिला, वीतभर खोल लाव म्हणून! हसतेस काय? संत पेत्काच्या दिवशी, माझ्या नावाच्या सणाला, शेवंती घेऊन आली – मी मोजली, सहा! सम फुलं थडग्यावर ठेवतात, जित्या सासूच्या हातात देतात का? तीही पाहुण्यांसमोर! म्हटलं, थांब भवाने. निघताना तिनं याचं मूळ मागितलं – "आई, किती खोल लावू?" – वीतभर, म्हटलं, गोड हसून.

दुसऱ्या दिवशी अंगण झाडताना पायरीखाली सातवं सापडलं. देठातून मोडलेलं.

मग? मग काय, सांगायला तोंड नको? दर मे महिन्यात फोन करते पोर – "आई, यंदाही नाही, माझंच काहीतरी चुकतंय." असेल बाई, म्हणते मी. लाज वाटते गं! आणि काल ओग्न्यान, माझा मुलगा, म्हणाला, शनिवारी उपटूनच टाकतो. सासूबाईंचा बोझूर!... आज काय वार?

शुक्रवार? अगं बया! ऊठ, ऊठ तू. फोन? असलं फोनवर सांगतात होय! कुदळ कुठाय माझी? त्यांच्याकडे प्लोव्हडिव्हला जायची बस अकराची... ती चीजची बानित्सा घे हातात, जाता जाता खा. ती शेवंती तोड आधी माझ्यासाठी – सात! मोजून दे. पुन्हा मोज. आण इकडे. आणि फाटक ओढून घे.