घर काय रिकामं न्हाई

...आन वरून सगळे मलाच म्हणायलेत, पिराजी, तुजं घर रिकामंच हाय की, कर तितंच पॉलिश! तुमाला सांगतो, कमलनगरात ज्याच्या त्याच्या तोंडात हेच. मी रडगाणं घिऊन जायचं की बाबा, माज्या वल्ल्या पॉलिशवर भुस्सा बसायलाय, आन त्येनी माज्याच घराचा पत्ता मला सांगायचा. अरं, घर काय रिकामं न्हाई. मी ऱ्हातो की तितं. मी काय माणसात येत न्हाई व्हय?

आता कसं हाय बगा. बस स्टँडच्या मागं आमचं तिघांचं मिळून एक पत्र्याचं शेड हाय. एका अंगाला संगमेश, सुतार. दुसऱ्या अंगाला अमृतप्पा, लोखंडी गेट वेल्डिंग करतोय. आन मदी मी, पॉलिशवाला. ठरलं तवा लई झ्याक वाटलं, भाडं वाटून, चहा वाटून. पर पॉलिशचं कसं असतंय, वल्लं हाय तवर त्याला धूळ नगं, जाळ नगं, कुणाचा हात नगं, आन वारं मातर पाहिजे, तेबी बेताचं. आन शेडात काय हाय? धूळ हाय, जाळ हाय, हात लावून बगणारे तर इचारूच नगा, आन वारं कसलं, गावोगावच्या जीपा सुटल्या की समदा रस्ताच उठून आत येतोय!

त्यात आला हितल्या जवळच्या मेहकर गावच्या गुंडेराव मास्तरांचा देव्हारा. मास्तर रिटायर, जन्मभर भाड्याच्या घरात ऱ्हायले, आता पैलं सोताचं घर बांधलं, वास्तुशांत तोंडावर. सागवानी देव्हारा, संगमेशनं असा केला की नुसतं बगत बसावं. मास्तरांनी माज्या खांद्यावर हात ठिवून सांगितलं, पिराजी, ह्यात तोंड दिसलं पाहिजे. मी म्हणलो, दिसंल की. पॉलिशचा पैला हात दिलो, वळून बगितलो, तर संगमेशचं कटर सुरू! देव्हाऱ्यावर समदा सांजा पसरल्यावानी. पेपर मारून घासून काढलो, परत हात दिलो, परत सांजा. संगमेशला म्हणलो, बाबा, घंटाभर मशीन बंद ठेव. तर त्यो बिचारा म्हणतोय, अण्णा, माजंबी काम आडून ऱ्हायलंय, तुमी घरी कामून करत न्हाई, घर रिकामंच हाय की.

आलं का! घर काय रिकामं न्हाई, म्हणलो, आन प्लास्टिकचा पडदा बांधून घेतलो. चारी बाजूंनी, दुकानात दुकान. धूळ थांबली, मला वाटलं, जिंकलो. थिनरात भिजल्याल्या चिंध्या पडद्यापाशी पडल्या व्हत्या, आन अमृतप्पा तिकडं गेट जोडायलाय. एक ठिणगी आली, गपकन भडका! अमृतप्पानं वाळूची पाटी वतली, संगमेशनं देव्हारा वढून रस्त्यावर नेला, आन मी मदी हुबा, काय करावं तेच सुचंना. देव्हारा वाचला. माजी एक भुवई तेवडी गेली. ही बगा, आता कुटं उगवायलीय. थिनरचा समदा डबाच पेटला असता तर? तिघांच्याबी चुली बंद झाल्या असत्या. अमृतप्पा त्या दिवशी वरडला न्हाई काय न्हाई, पाणी पिला, आन हळू आवाजात म्हणला, अण्णा, आता हितं नगं. खरंच व्हतं की त्येचं.

आता तुमी म्हणाल, पिराजी, मग घरी करायला काय व्हतंय तुला?

ऐका. माजी बायको कमलबाई. नव्या लग्नात मी घरात एक स्टूल पॉलिश केलतो. एकच स्टूल! तर भाकरीला वास, दुधाला वास, पांघरुणाला वास. तिनं उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊन सांगितलं, ह्याच्या फुडं थिनरचा डबा आत आला तर मी बाहीर. तवापासून डबा आत आला न्हाई. आन ती मातर बाहीर गेली... न्हाई न्हाई, भांडून न्हाई! पोरगी मंजुश्री पुण्यात हाय, तिच्या बाळंतपणाला गेली. म्हणली, बाळानं जरा बाळसं धरलं की येते. धरलं. मग म्हणली, रांगलं की येते. रांगलं, चाललं, पळलं, आता ते बाळ बूट घालून शाळंला जायलंय! पोरगी नोकरीवर, जावई नोकरीवर, लेकराला कोण बगावं? कुणाचं काय चुकायलंय सांगा. कुणाचंच न्हाई. मी दोनदा जाऊन आलो. त्येंच्या घरी समदं गुळगुळीत, पॉलिश करायला कायच न्हाई. बसून बसून कटाळलो, आलो परत.

तर तिनं घातल्याला नेम मी पाळायलोय. ती नसली म्हणून काय झालं? ज्या दिवशी थिनर आत नेलो, त्या दिवशी मीच म्हणल्यावानी झालं ना, की बाई, आता तू काय येत न्हाईस. म्हणून म्हणतो, घर काय रिकामं न्हाई. तिची खाट हाय, तिच्या पापडाचे डबे हायत, तिची पिठाची चाळण खिळ्याला हाय. ह्याला रिकामं म्हणतेत व्हय?

मग अमृतप्पानंच त्येच्या सोयऱ्याचं तुरीचं गोदाम बगून दिलं. समदी तूर इकून मोकळं पडल्यालं. धूळ झाडून काढलो, जाळ न्हाई, माणूस न्हाई. खूश झालो! रस्त्याची माती नगं म्हणून शटर खाली वढून घेतलो. गोदामाला खिडकी न्हाई, हे मला दिसत व्हतं, पर मला वाटलं, आणखीनच बरं. तोंडाला रुमाल बांधलो आन स्प्रे सुरू केलो. जरा वेळानं देव्हाऱ्याला दोन कळस दिसायले. म्हणलो, संगमेशनं तर एकच केलता. मग पाय गेले. सरपटत शटरापाशी आलो, कसंबसं वर ढकललो, आन अर्दा आत अर्दा बाहीर असा पडलो. समोर जीप भरायली व्हती. त्यातली एक बाई दुसरीला म्हणली, बगा, सकाळी सकाळीच चढवून पडलाय. जन्मात थेंब घेतलो न्हाई मी! पर सांगायला तोंडात दम पाहिजे की.

पडल्या पडल्या एकच इचार आला. शटर उचललं नसतं, तर मला हुडकायला कोण आलं असतं? संगमेशला वाटलं असतं, पिराजण्णा घरी गेला. आन घरी... घरी कुणाला वाटायचं?

उठलो. देव्हारा हातगाड्यावर घातलो आन सरळ घरी आणलो.

आमच्या मदल्या खोलीला समोरासमोर खिडक्या हायत, तिनंच पाडायला लावल्याल्या. सारवायचं नगं, शाबादी फरशी. मदी कमलबाईची खाट. ती हुबी करून भिताडाला लावताना, काय सांगू, हलकी खाट, पर दोनदा खाली ठिवलो. मग थिनरचा डबा उंबऱ्याच्या आत घेतलो. काय झालं न्हाई. कोण बोललं न्हाई.

पॉलिश असं बसलं म्हणून सांगू! मी बगतच ऱ्हायलो, तेवड्यात फोन आला, तोंड दिसणारा. कमलबाई. म्हणली, तुमच्या मागं काय चमकायलंय? मी आदी फोन फिरवलो, मग म्हणलो, जाऊ दे, खोटं कशाला, आन समदं सांगितलो. वाट बगायलो. बोल की बाई, वरड. शिवी दे. मला तर वाटतंय, मी त्येच्यासाठीच फोन परत देव्हाऱ्याकडं केलतो.

तर ती म्हणली, "बरं केलाव. करत जावा की घरातच. हितं मला कुटं वास यायलाय?"

मग नातू फोन वढायला, आन बंद झाला.

मास्तर आले, देव्हाऱ्यात तोंड बगितले, डोळे पुसले, म्हणले, कुटं केलास बाबा असं काम? म्हणलो, घरी. म्हणले, मी सांगत नव्हतो, घर रिकामंच हाय म्हणून? देव्हाऱ्याला चादर गुंडाळून दिलो.

आता समदी कामं घरीच येतेत. संगमेश आनून टाकतोय. कुणाची खुर्ची, कुणाचा दिवाण, कुणाचं कपाट, पाय ठिवायला जागा न्हाई, आन एकावरबी बसता येत न्हाई. म्हणून मी वसरीच्या पायरीवर बसतो. काल शेजारची मल्लव्वा अक्का पाणी घिऊन चालली व्हती, थांबली. म्हणली, काय पिराजण्णा, सोताचं एवडं घर असून असं बाहीर कामून बसलाव?

म्हणलो, काय न्हाई अक्का, आत वल्लं हाय. वाळंल हळूहळू.