सातव्या मजल्यावरची काडेपेटी

नाही, लिफ्टला काही झालेलं नाही. लिफ्ट ठीक आहे. तुम्ही बसा. योलांदाबाई अकराच्या आधी कोणाला भेटत नाहीत — काखेत त्यांच्या गाण्यांची तबकडी घेऊन माणूस आत शिरला की कुठल्या मजल्यावर जायचंय हे मी विचारत नाही, सातवा, दुसरा कुठला — आणि आत्ता वाजलेत साडेदहा. काय? मला भेटायचंय? बरोबर आहे. आधी मलाच भेटायचं असतं. त्यासाठीच हे टेबल दारात ठेवलंय. पन्नास वर्षं मी इथं पहारेकरी आहे, कोणी परस्पर वर गेलेलं नाही. एक राजदूत आला होता फुलं घेऊन, तोही त्याच खुर्चीत बसला. फुलं सुकली. मी काय करणार?

बघू कुठली आणलीत. — ही? ही कशाला आणलीत? पाकिटावर बाई चांदीच्या कपड्यात, ती. कपडा कसला, भट्टीत मासा भाजताना गुंडाळतात तो कागद. त्यांच्या पहिल्या चार ऐकल्यात का? बोसा नोव्हा म्हणतात ती हळुवार गाणी. त्यात बाई किती हळू गातात, ऐकलंत? पुस्तकांत लिहितात म्हणे, की हे लोक असं हळू का गातात — समुद्र, संध्याकाळ, नाजूक मन. मला अक्षरं लावून वाचावं लागतं, त्यामुळे मी ती पुस्तकं वाचली नाहीत. पण कारण मला माहीत आहे. कारण सहाव्या मजल्यावर राहायचं. निवृत्त कर्नल होता. वर आवाज जरा चढला की झाडूचा दांडा घेऊन छताला ठोकायचा. बाई हळू गायच्या ते त्या दांड्याच्या धाकानं.

हसू नका. खरं तेच सांगतोय. मी तेव्हा बावीस वर्षांचा, पाराइबाहून, माझ्या मुलखातून, या शहरात येऊन तीन वर्षं झालेली, अंगावर पितळी बटणांचा गणवेश. एका दुपारी कर्नलनं मला तक्रार घेऊन वर पाठवलं. मी दारात उभा. आत बाई गिटार घेऊन जमिनीवर बसलेल्या, त्यांचा ढोलवाला नीलो हात बांधून बसलेला — ढोल वाजवला तर कर्नल पोलीस बोलावणार, मग तो काय वाजवणार — आणि त्या गातायत. मी गाणं संपायची वाट बघत राहिलो. मध्येच कसं बोलायचं? खिशात माझी काडेपेटी. वरच्या म्हाताऱ्या बायकांचे गॅसचे बंब पेटवावे लागायचे, म्हणून ती कायम जवळ. हात खिशात गेला, बोटं पेटीवर पडली आणि — मी नाही केलं, बोटांनी केलं. आमच्याकडं गावात सगळेच वाजवतात, त्यात काही विशेष नाही. बाई थांबल्या. मी म्हणालो, कर्नलसाहेबांची तक्रार आहे. त्या म्हणाल्या, "असू दे. ते खिशातलं बाहेर काढा आणि इथं बसा."

मी गणवेशात होतो. गणवेशात बसत नाहीत. मी उभ्यानं वाजवलं.

आता तुम्ही म्हणाल, काडेपेटीत काय वाजवायचंय. म्हणा, सगळेच म्हणतात. भरलेली पेटी मुकी असते. रिकामी पेटी बडबडी असते. पाहिजे ती अर्धीच्या जरा वर. मी बावीस काड्या ठेवतो. पावसाळी हवा असेल तर वीस. हे कोणी शिकवत नाही. — पुढल्या मंगळवारी बाईंनी मला शहरात ध्वनिमुद्रणाला नेलं. यंत्रावरचा माणूस म्हणाला, तुमची बटणं वाजतायत, शर्ट काढा. मग मी बनियनवर वाजवलं. पहिल्या तबकडीवरची बाराच्या बारा गाणी मी बनियनवर वाजवलीत, हे पुस्तकांत आहे का? नाही. नसणारच.

दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं, 'शेजाऱ्यांचा पोपट', ते नीट ऐका कधी. ते सलग नाही. अर्धं झालं आणि बाईंचा धीर सुटला, म्हणाल्या मला सिगारेट द्या. मी पेटवून दिली. पहिली काडी पंख्यानं विझवली. दुसरी त्यांच्याच सुस्काऱ्यानं विझली. तिसरी लागली. मग उरलेलं अर्धं गायल्या आणि त्या लोकांनी पात्यानं फीत कापून दोन्ही तुकडे जोडले. कोणाच्या लक्षात आलं नाही. पण पेटीत आता एकोणीस काड्या होत्या — पोपट पिंजऱ्यातून बाहेर येतो ना, तिथून पुढं माझी पेटी पातळ वाजते. मला ऐकवत नाही. यंत्रावरच्या माणसाला दुसऱ्या दिवशी कळलं तेव्हा तो म्हणाला, पुढल्या वेळी सिगारेटसाठी वेगळी पेटी आणा. तेव्हापासून मी दोन बाळगतो.

नाव? पाकिटावर नाव नीलोचं आहे. बघितलंय मी. तेव्हा वाजवणाऱ्याकडं वादकांच्या संघाचं कार्ड लागायचं, आणि कार्डासाठी परीक्षा, कागदावरचे सुरांचे ठिपके वाचून दाखवायचे. मला अक्षरंच धड येत नाहीत, ठिपके कुठून येणार. बाई रडकुंडीला आल्या होत्या. मीच म्हणालो, नीलोचं घाला. नीलोकडं कार्ड होतं. तो त्या दिवशी कोपऱ्यात बसून चार कॉफ्या प्यायला, तेवढीच त्याची वाजवणी. चांगला माणूस. वारला. पहिल्या चारही तबकड्यांवर त्याचंच नाव आहे. मला त्याचं काही नाही. नावानं काय होतं?

झेफाला सांगायला नको होतं, एवढंच. झेफा म्हणजे माझी बायको. लग्न ठरलं तेव्हा मी तिला सांगितलं, रेडिओवर ते लागतं ना, ती काडेपेटी माझी. तिनं दुकानात जाऊन पाकीट बघितलं. तिला वाचता येतं. घरी येऊन म्हणाली, "नीलो म्हणतात होय तुला?" झालं. तेव्हापासून शेहेचाळीस वर्षं. मुलांना सांगितलं, मुलं आईकडं बघून हसली. नातवंडांना मी सांगितलंच नाही, तर तिनं सांगितलं, गंमत म्हणून. परवा शेजारीण आली होती, तिच्यासमोर म्हणते, "आमचा म्हातारा गायिकेबरोबर वाजवायचा, आणि मी राष्ट्राध्यक्षांबरोबर नाचायचे." तिला वाटतं मी थट्टा म्हणून घेतो. मी थट्टा म्हणूनच घेतो.

वर बाईंना सांगून तिला खरं काय ते कळवता आलं असतं, असं तुमच्या मनात आलं. माझ्याही आलं होतं. पण मागायचं कसं? मी दारावरचा माणूस. मागायचं असतं तर तेव्हाच मागितलं असतं.

आणि मग ही नवीन थेरं सुरू झाली. आधी विजेच्या गिटारी आल्या. बाईंनी गुडघ्यापर्यंत पांढरे बूट घेतले — त्यांची चेन बसेना, मी इथं खाली बसून पक्कडीनं ओढली — आणि मान झटकत गायला लागल्या. विजेच्या गिटारीपुढं काडेपेटी म्हणजे ट्रकपुढं चिमणी. मला कोणी बोलावलं नाही, ते बरोबरच होतं. नंतर एक तबकडी काढली टीव्हीच्या मालिकेसाठी, त्यात एका माणसानं सगळी वाद्यं एकाच विजेच्या यंत्रावर एका बोटानं वाजवली. बाकीची नऊ बोटं काय करत होती मला माहीत नाही. लोक म्हणाले, योलांदा विकली गेली. माझ्यासमोर एकानं म्हटलं, तो पाचव्या मजल्यावरचा दंतवैद्य. महिनाभर त्याचं टपाल मी शेवटी वाटलं.

पण ही — ही चांदीची — यात त्यांनी मला बोलावलं होतं. एकोणऐंशी साल. स्वतः खाली आल्या, म्हणाल्या, बेलार्मिनो, सगळं बदललंय पण तुम्ही पाहिजे. गेलो. शर्ट आधीच काढून ठेवला. तिथल्या लोकांनी माझ्या कानांना काहीतरी लावलं, आत टक टक टक टक. मी विचारलं, हा कोण? म्हणाले, यंत्र आहे, याच्याबरोबर चालायचं. मी म्हणालो, त्याला सांगा माझ्याबरोबर चालायला. ते हसले. सगळे हसले, पोरं होती, केस खांद्यापर्यंत. मी शर्ट घातला, बटणं लावली, बसनं परत आलो. बाई काचेआडून बघत होत्या. त्या हसल्या नाहीत. पण थांबवलंही नाही.

तीन आठवडे लिफ्टमध्ये नुसता नमस्कार. नंतर झालं सगळं सुरळीत, म्हणजे गॅस, पाणी, टपाल यावर बोलणं. गाण्यावर पुन्हा शब्द नाही. बत्तीस वर्षं. म्हणून म्हणतो, ही तबकडी मला दाखवू नका. वाईट आहे. पहिल्या बाजूचं पहिलं वाईट, दुसरं वाईट, तिसऱ्यात तो टकटक्या दोनदा पुढं जातो — चौथं तेवढं — चौथं वाईट नाही. चौथ्यात त्या शेवटी पहिल्यासारख्या हळू गातात. मला कसं माहीत? मधल्या चौकातून सगळं खाली ऐकू येतं. त्या घरी लावतात कधीकधी. सकाळी सहाला फरशी पुसून झालेली असते, ओली असते, कोणी नसतं, पाय जरा सरकतात. त्याला नाचणं म्हणत नाहीत.

हे वर बोलू नका.

आणि तेही विचारू नका, काडेपेटी कोणाची म्हणून. त्या म्हणतील नीलो. माणूस काचेआडून उठून निघून गेल्यावर त्याचं नाव कशाला घेईल कोणी? तसं विषयच निघाला, तुम्ही न काढता, तर — तर विचारा, 'पोपट'मध्ये सिगारेट कोणी पेटवली. नको. नकाच विचारू. मला ऐकायचं नाही.

काय मघापासून कागद पुढं करताय? वर घेऊन जा, सह्या त्या वर देतात. — काय? कालच भेटलात? काल रविवार, माझी सुट्टी. बदलीच्या माणसानं सोडलं असणार, त्याला सांगितलंय हजारदा. मग आज कशाला आलात? माझ्याकडं? मघाशी म्हणालात ते — हो, म्हणालात. मी ऐकलं. मला वाटलं —

थांबा. वाचू नका, मी वाचतो. वेळ लागू दे. चष्मा... हं. पहिल्या चार आणि ही चांदीची, पाचही तबकड्या नव्यानं काढणार. गाणं... योलांदा सेर्पा. गिटार... हे असू दे. काडे... काडेपेटी.

ही सही त्यांचीच आहे. बंबाच्या पावतीवर अशीच करतात, शेपूट लांब.

पण यात ही पाचवी घातलीय, ती चूक आहे. पाचवीत मी नाही. मी निघून आलो होतो, आत्ताच सांगितलं तुम्हाला. — कधी? कानाला लावायच्या आधी? मी नुसता हात मोकळा करत होतो, ते फितीवर कोणी घेतलं? त्यांनी सांगितलं घ्यायला? कुठं घातलंय?

चौथ्याच्या शेवटी.

बत्तीस वर्षं ऐकतोय मी ते. मला वाटलं, कोणीतरी पोरगा आणला चांगला.

आडनाव त्यांना माहीत नाही, बरोबर आहे, पन्नास वर्षांत कोणी विचारलं नाही. लिहा. बेलार्मिनो तवारेस द लुसेना. पूर्ण लिहा, गाळू नका काही. नीलोचंही राहू द्या कुठंतरी, कॉफी का असेना, तो होता तिथं. सही इथं करू? इथं. माझीही शेपूट लांब आहे, जागा ठेवा. ही प्रत माझी? घडी घालू नका, सरळच द्या, घडीवर अक्षरं पुसतात.

जरा गप्प बसा, फोन लावतोय. — झेफा? मी. काही नाही झालं. कामावरूनच. नाही, बरा आहे. तुझा चष्मा कुठं आहे? नीट बघ, उशीखाली असेल. सापडला की टेबलावर ठेव. संध्याकाळी लागेल. कशाला ते संध्याकाळी. मी काही सांगणार नाही, शेहेचाळीस वर्षं मीच सांगतोय. ठेव आता.

तुम्ही अजून इथंच? काम झालं ना तुमचं. निघा. दार आपोआप बंद होतं.