हॉर्न न वाजवता

बाबा गाडीची ट्रायल घ्यायला गेले आणि मला गॅरेजच्या बाकावर बसवून गेले. माझे कान काही गप्प बसणाऱ्यांतले नाहीत. शेजारच्या चालू गाडीपाशी मिस्त्री आणि एक काकू बोलत होते.

“काकू, ही शिट्टी ऐकताय ना? आता ऑइल मोजायची पट्टी उपसतो.”

“थांबली की.”

“म्हणजे झडप फाटलीय. इंजिनात कोंडलेली वाफ हिच्यातून जाते; फाटलेल्या जागेतून हवा आत ओढली की शिट्टी वाजते, पट्टी काढली की हवा तिथून जाते. कधीपासून वाजतेय?”

“हे होते तेव्हापासून. कोपऱ्यावर शिट्टी आली की मी दार उघडायचे. बेल वाजवायची वेळच आली नाही त्यांच्यावर.”

“त्यांनी दाखवली नाही कुठे?”

“म्हणायचे, बायको दारात येऊन उभी राहते, कशाला दुरुस्त करू?”

“आता बदलावीच लागेल हो. नाहीतर ऑइल गळून इंजिन बसेल.”

“बदला ना. लेकीला रोज कामावर न्यायचीय. फक्त त्याआधी एक कराल?”

“बोला.”

“पट्टी परत घाला आणि एकदा समोरच्या कोपऱ्यावरून गाडी वळवून आणा. मी इथे दारात उभी राहते.”

“बरं. हॉर्न नाही वाजवत.”