माझ्या रक्तातली खोट

काय सांगू तुम्हाला, आम्ही नवराबायकोने मिळून शेवटचं काय केलं तर वाल सोलले. मी मूळचा कणकवलीकडचा, लालबागला गिरणीत लागलो, गिरणी गेली तसा वॉचमन झालो, शाळा चौथीपर्यंत. ती भराभर सोलायची आणि माझ्याकडून सालीसकट राहिलेले परत माझ्यापुढे टाकायची, डोळे गेले काय तुमचे म्हणून.

तेवढ्यात आमची लेक सुरेखा रिपोर्ट घेऊन आली. तिला दोनदा दिवस राहिले आणि दोनदा पडलं, म्हणून डॉक्टरांनी तिचं रक्त तपासलं, मग आम्हा दोघांचं. म्हणाली, बाबा, रक्तात जी खोट निघाली ती तुमच्याकडून आलीय. मला समजलं ते असं, माणसात गुणसूत्रं असतात, जोडीजोडीने, माझ्यातल्या दोन गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना चिकटलेत. मला काही होत नाही, कारण माल सगळा आहे, फक्त जागा बदललीय. पण पोराला बापाकडचं निम्मंच जातं, त्यात कधी एक तुकडा जास्त जातो नि दुसरा जातच नाही, मग गर्भ टिकत नाही. बदललेले दोन्ही एकत्र गेले तर पोर धडधाकट, तशी ही सुरेखा.

सुरेखाच्या आधी आमची चार पोटातच गेली. माझी थोरली बहीण आक्का, समोरच्याच चाळीत, ती म्हणायची माझ्या बायकोच्या माहेरचा दोष. कुणाचं डोहाळजेवण असलं की ओटी भरायला हिला बोलवू द्यायची नाही, करंज्या तळायला मात्र ही चालायची.

रिपोर्ट ऐकून ही म्हणाली, म्हणजे माझं पोट चांगलं होतं. मग म्हणाली, उद्या आक्कांना तुम्ही सांगा, सगळ्यांदेखत सांगा. म्हटलं, सांगतो.

पहाटे हाक मारली तर गेलेली, झोपेतच.

सकाळी चाळ जमली. सवाष्ण गेली की आमच्यात ओटी भरून नेतात. सुरेखा ताट घेऊन पुढे झाली तर आक्का हात आडवा घालून म्हणते, तू रव गो, तुझी कूस अजून भरूक नाय, आधी दुसऱ्यांका भरूंदे.

मी उठलो. म्हटलं, आक्का, चार पोरं गेली ती माझ्या रक्तामुळे, हिच्यात खोट नव्हती, सुरेखाकडे आहे ते पण माझंच, डॉक्टरांनी लिहून दिलंय. आता कोण मध्ये आलं तर तिरडी हलायची नाही.

आक्का म्हणाली, मेलेल्या बायकोपुढे हे काय बोलतस.

म्हटलं, तिनेच सांगायला सांगितलंय.

पहिली ओटी सुरेखाने भरली. मग ताट मी आक्काच्या हातात दिलं, तीही सवाष्णच, आणि ती भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.