बेलपाड्याचं विरजण

दह्याचा विषय निघालाच आहे, तर माझी फजिती ऐका. सातव्या महिन्यात माझं पोट काही केल्या साफ होईना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोज वाटीभर घरचं दही खा. आईच्या पोटातले चांगले जंतू जन्मताना बाळालाही मिळतात." सासूबाई शेजारी बसून सगळं ऐकत होत्या.

मी हे इतकं मनावर घेतलं, की एका दुपारी दह्याचं अख्खं भांडं बोटाने चाटूनपुसून संपवलं. संध्याकाळी सासूबाई कोमट दूध घेऊन आल्या आणि भांडं बघून थबकल्या.

"विरजणापुरतं पन ठेवलं नाय?"

ते विरजण त्यांनी लग्नानंतर बेलपाड्याहून, माहेरून आणलेलं. तीस वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

"डेअरीतून दही आणू का?" मी घाबरत विचारलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी बाळच डेअरीतून आणायला निघाले होते.

वाटी घेऊन त्या तडक तिसऱ्या मजल्यावर शेखभाभींकडे गेल्या. भाभी हसल्या, "काकू, ये तो आपकाही है. रमजानमध्ये तुमच्याकडूनच नेलं होतं ना मी!" सासूबाई ती वाटी दोन्ही हातांत धरून, जपून जिना उतरल्या.

पुढे बाळ झालं. माझी आई कौतुकाने म्हणाली, "नाक अगदी आमच्याकडचं आहे हो!"

सासूबाई म्हणाल्या, "नाक घ्या की तुमी. पोट आमच्या बेलपाड्याचं हाय."